फवारणीच्या आधी चर्चच्या मंडळीने करायची तयारी

कपाशीवरच्या फवारणीला खरा जोर येतो पोळ्याच्या आगेमागे. मंडळीने मात्र पेरण्या आटोपल्या की लगेच कामाला लागावं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, फवारा थेट तोंडावर, त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. बाधा झालेल्यांत हातावर पोट असलेले शेतमजूर बरेच होते. चर्चच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या या माणसांसाठी काही करायचं, तर सुरुवात इथून करा.

आधी विचारा. पास्टरांनी मंडळीतल्या एकदोन कास्तकारांना सोबत घेऊन सरपंच, आशाताई आणि रोजीनं फवारायला जाणारी पोरं यांना भेटावं. वावरात पाणी भरून देणाऱ्या बायांना तर नक्कीच. औषधाशी त्यांचाही हात लागतो आणि त्यांना कोणी विचारत नाही.

अर्पणातून चष्मे, रबरी हातमोजे, प्लॅस्टिकचे एप्रन आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट घ्या. रजिस्टरवर नाव लिहून कोणीही फुकट न्यावं, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. मास्क ज्याचा त्याला द्या, तो फिरवू नका. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालू नका, प्रार्थनेला येण्याची अट नको, वाटपाचे फोटोही नकोत. ज्याला प्रार्थना हवी असेल तो स्वतः मागेल.

सगळ्यात जास्त कष्ट न्हाणीवर घ्या. मंदिराच्या आवारात विहिरीपासून लांब, ताडपत्री किंवा टिनाच्या आडोशाची, पुरुषांची आणि बायांची वेगळी. पाण्याची टाकी, भरपूर साबण, सांडपाण्याला शोषखड्डा. औषध कातडीतूनही अंगात जातं, आणि मजूर तेच ओले कपडे घालून घरी जातो, लेकराला उचलून घेतो. घरी जाण्याआधी इथं आंघोळ झाली, कपडे बदलले, तर पुष्कळ काही वाचेल. फवारणीचे कपडे धुवायला टाकंही वेगळं ठेवा. घरच्या कपड्यांत ते मिसळायला नकोत.

कोणाला विषबाधा झाली तर वाजवायचा घंटेचा एक वेगळा ठोका ठरवून गावाला आधीच कळवा. तो ऐकला की ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी निघायचं. १०८ ला फोनही त्याच वेळी. दाराशी मोठ्या अक्षरांत लिहा: खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, उलटी, धाप यातलं काही दिसलं तर कपडे काढून साबणानं अंग धुवा, मनानं उलटी काढू नका, औषधाचा डबा सोबत न्या. डब्यावरचं नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं.

औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या करून घ्या. कर्जानं गांजलेल्या घरात ते हाताशी का नसावं, हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. पेटीच्या झाकणाच्या आत टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रंगवा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

न्हाणीची किल्ली कोणाकडे राहील ते येत्या उपासनेनंतर नावानिशी ठरवा. रविवारी संध्याकाळीही ती उघडी हवी, कारण रोजीवर जाणाऱ्याला रविवार नसतो.