गावाचं दप्तर ग्रंथालयात आलं? मग या चुका टाळा

एखाद्या घराण्याचं किंवा जुन्या संस्थेचं दप्तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात येतं, तेव्हा सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. ती म्हणजे कागद 'नीट लावणं'. पत्रं एका खोक्यात, पावत्या दुसऱ्यात, फोटो तिसऱ्यात. दिसायला टापटीप, पण पत्राच्या घडीत ठेवलेली ती पावती कुठल्या व्यवहाराची होती, हे आता कुणालाच कळणार नाही. फाटलेला कागद सांधता येतो, ही तुटलेली सांगड नाही. १८९८ साली तीन डच अभिलेखपालांच्या मार्गदर्शिकेने हे सूत्र पक्कं केलं: ज्याचे कागद त्याच्या नावाखाली, आणि त्याने ठेवले त्याच क्रमाने. म्हणून गाठ सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो काढा, क्रमांक द्या.

देणाऱ्याशी 'नंतर सविस्तर बोलू' म्हणणं ही दुसरी चूक. फोटोतली माणसं ओळखणारी व्यक्ती अनेकदा ऐंशीच्या घरात असते. तिला त्याच आठवड्यात भेटा आणि नावं लिहून घ्या. संभाषण ध्वनिमुद्रित करणार असाल तर आधी लेखी संमती घ्या. कागद ग्रंथालयाला मिळाले म्हणजे त्यांचे प्रकाशनाचे हक्कही मिळाले, असं होत नाही. दानपत्रात तेही स्पष्ट करून घ्या.

निवड करताना फक्त पुढाऱ्यांचे कागद ठेवायचे, ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. किराणा-वह्या, शाळेचे हजेरीपट, सभेची हस्तपत्रकं, बायकांनी लिहिलेले घरखर्चाचे हिशोब. गाव कसं जगत होतं, ते यांतच सापडतं.

दुरुस्तीत हात आखडता घ्या. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो, आणि लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा धडपणे मोकळा करता येत नाही. टाचण्या गंजतात, त्या हलक्या हाताने काढा. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची घ्या. नोंद करायची तर मऊ पेन्सिलने. कागदासाठी सुती हातमोजे नकोत, त्यांनी कडा फाटतात. धुतलेले कोरडे हात बरे. मोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी वापरा. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांतल्या आम्लाचा डाग शेजारच्या कागदावर उमटतो.

कागद भिजले तर उन्हात टाकू नका. साधारण ४८ तासांत बुरशी धरू शकते, तेव्हा पंख्याखाली टिपकागदावर पसरा. ढीग मोठा असेल तर गोठवून ठेवा, म्हणजे सवड मिळते. ओली बुरशी पुसू नका, ती आणखी पसरते. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्मचं ॲसिटेट, म्हणजे तिचा प्लास्टिकचा पाया, विघटित होतंय. तो डबा लगेच वेगळा करून थंड जागी हलवा आणि स्कॅनिंगच्या रांगेत पहिला घ्या.

स्कॅन झालं की मूळ कागद नको, असं कुणी म्हटलं तर ठाम नकार द्या. स्कॅनची मुख्य फाइल टिफ (TIFF) या दर्जा न घटवणाऱ्या चित्र-स्वरूपात ठेवा; तिच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. आणि सूचीत गावाचं जुनं नाव, आजचं नाव आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव, तिन्ही लिहा. शोधायला येणाऱ्याला त्यातलं बहुधा एकच ठाऊक असतं.