गोळ्या चालू आहेत, तरी बीपी उतरत नाही? या चुका टाळा

डॉक्टर गोळी वाढवतात ती आकडा बघून. आकडाच चुकीचा असेल तर वाढवलेली गोळी अंगावर येते, उठता-बसता चक्कर येते. म्हणून बीपी १५०-१६० वर अडून बसलं असेल तर आधी मोजणी तपासा.

पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. लघवी आधीच करून या. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, जिन्याची चढउतार नको. बाही वर गुंडाळली की ती दंडाला आवळते. त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा. मशीन चालू असताना बोलू नका, त्यानेही आकडा वाढतो. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. मांडीवर हात ठेवून मोजणारे पुष्कळ आहेत. पट्टा हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली गेला तर वरचा-खालचा दोन्ही आकडे साधारण ७-८ ने जास्त येतात. तेवढ्यावर एक गोळी वाढू शकते.

शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. तुमचा घेर ३५ असेल तर तो पट्टा कायम जास्तच दाखवणार. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या. मनगटाची मशीन शक्यतो नकोच. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बीपी बघा आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम ठेवा.

नोंद सात दिवस ठेवा. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, रात्रीही तसंच. पहिला दिवस सोडा आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. ही घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी आटोक्यात नाही असं समजा. दवाखान्यात तीच रेघ १४०/९० आहे. घाबरून दर अर्ध्या तासाने मोजण्यात काही अर्थ नाही; धास्तीनेच आकडा चढतो.

गोळी चालू आहे, पण रोज पोटात जाते का?

एक तारखेला तीस गोळ्या आणल्या असतील, तर तीस तारखेची गोळी घेतल्यावर स्ट्रिपमध्ये किती उरल्या ते मोजा. पाच उरल्या असतील तर पाच दिवस गोळी चुकली, मग आठवो न आठवो. लग्नाला गावाला गेलो, उपास होता, त्या दिवशी बीपी नॉर्मल आलं, ही नेहमीची कारणं. बीपी नॉर्मल येतं ते गोळीमुळेच, त्यामुळे ते गोळी सोडण्याचं कारण होऊ शकत नाही. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सकाळी की रात्री याने फारसा फरक पडत नाही. जी वेळ चुकत नाही ती तुमची वेळ.

अम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, टेल्मिसार्टनला चार आठवड्यांपर्यंत. तिसऱ्या दिवशी 'ही लागू पडत नाही' म्हणून सोडणं घाईचं आहे. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. दोन्हींना पर्याय आहेत, पण ते डॉक्टरांना सांगून बदलायचे. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल किंवा क्लोनिडिन तर एकदम कधीही बंद करू नका. बीपी उसळी मारतं.

इंदूरच्या ताटातलं मीठ

'आम्ही वरून मीठ घेत नाही' हे खरं असलं तरी पुरेसं नाही. सकाळच्या पोह्यांचीच प्लेट घ्या: पोह्यांत मीठ, वर मूठभर शेव, त्यावर जिरावन मसाला, ज्यात काळं मीठ असतंच. दुपारी वरणभातासोबत पापड आणि लोणचं, चारला नमकीन, रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलात तर आणखी. वरून मीठ न घेताही दिवसाचं मीठ दुप्पट होतं.

मोठ्या माणसाला दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. हिशेब घरीच होतो. मिठाची नवी पुडी फोडली की तारीख लिहून ठेवा. चार माणसांच्या घरात किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर गेलं, बाहेरचं खाणं अजून धरलेलं नाही. नमकीनच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणून हजाराने भागा. ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधव आणि काळं मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. उपासाला सैंधव वापरलं म्हणून बीपीला सूट मिळत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

दुसऱ्या दुखण्याची गोळी

ही चूक सगळ्यात जास्त निसटते, कारण बीपीच्या डॉक्टरांना कोणी गुडघ्याची गोळी दाखवतच नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा जोर कमी करतात. फेनिलेफ्रिन असलेली सर्दीची गोळी, स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या यांनीही बीपी वाढू शकतं. खोकल्यावर रोज चघळलेल्या मुलेठीने बीपी चढतं आणि पोटॅशियम घटतं. पाण्यात फसफसणाऱ्या पित्ताच्या पुडीत सोडियम भरपूर. पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं, काढे-चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

एवढं करूनही उतरलं नाही तर

वही नीट आहे, गोळी चुकत नाही, तरी महिन्यानंतर सरासरी वरच असेल, तर 'पुढच्या महिन्यात बघू' एवढ्यावर उठू नका. डोस वाढवायचा की दुसरी गोळी जोडायची ते विचारा. बऱ्याच जणांना दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या लागतातच, यात कमीपणा काही नाही. पण लघवी वाढवणाऱ्या गोळीसकट तीन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही बीपी उतरत नसेल, तर मागे कारण शोधायला हवं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, थायरॉइड यांची तपासणी होते. पोटॅशियम कमी असेल तर बीपीवर परिणाम करणारी अॅल्डोस्टेरॉन आणि रेनिन ही हार्मोन्सही रक्तात बघतात. घोरणं, मधे श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी. घोरता की नाही हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा, स्वतःला कळत नाही.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. त्रास काही नसेल तर जास्तीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा नजर अंधुक झाली, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.