आयईएलटीएसचं रायटिंग आणि स्पीकिंग : सहा-साडेसहाला अडकवणाऱ्या या चुका टाळा

आयईएलटीएस म्हणजे परदेशात शिकायला किंवा कामाला जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या चार विभागांचे गुण, म्हणजे बँड, असे येतात : लिसनिंग साडेसात, रीडिंग सात, स्पीकिंग साडेसहा, रायटिंग सहा. चारांची सरासरी येते 6.75, ती वरच्या पूर्ण अंकाला जाते आणि स्कोअरकार्डवर एकूण बँड सात छापला जातो. घरात पेढे येतात. दोन दिवसांनी कळतं की समोरच्या संस्थेला एकूण सात पुरत नाही, प्रत्येक विभागात वेगळी अट आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर रायटिंगमध्ये साडेसहा आणि बाकी तिन्हींत सात लागतात. अशा वेळी मुलं माझ्याकडे येतात, ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी, आणि पहिलाच प्रश्न असतो, "मॅडम, माझं ग्रामर एवढं कच्चं आहे का हो?"

बऱ्याचदा ग्रामर ठीकठाक असतं. तयारीची दिशा चुकलेली असते.

पाठ केलेला साचा

कळव्याहून येणारी एक नर्स होती. दोनदा परीक्षा दिलेली, दोन्ही वेळा रायटिंगला सहा. तिच्याकडे एका क्लासची झेरॉक्स होती, त्यात कुठल्याही विषयाला चालेल अशी सुरुवात, अशी जोडवाक्यं आणि असा शेवट. तिला विषय दिला : सरकारने नवे रस्ते बांधण्यापेक्षा रेल्वे आणि बसवर जास्त पैसा खर्च करावा का? तिने चाळीस मिनिटांत छान अक्षरात निबंध लिहून दिला. सुरुवात "इन धिस कंटेम्पररी एरा" अशी, मध्ये "एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स", शेवटी "इट इज अ डबल-एज्ड स्वोर्ड".

मी तिच्या हातात लाल पेन दिलं आणि म्हटलं, जे वाक्य मोबाइलच्या किंवा प्राणिसंग्रहालयाच्या निबंधातही जसंच्या तसं बसेल त्याखाली रेघ मार. सोळा वाक्यांपैकी नऊ वाक्यांखाली रेघ आली. ती गप्प झाली. मग मी विचारलं, "कळव्याहून ठाण्याला कशी येतेस गं?" तर मराठीत धडाधड बोलायला लागली. एकच स्टेशन, पण सकाळी आठच्या गाडीत दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. नवा पूल झाला की दोन वर्षं बरं वाटतं, मग तोही गाड्यांनी भरतो. रिक्षाला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत बसमध्ये किती माणसं उभी राहतात बघा ना! हे सगळं निबंधात कुठेच नव्हतं. तिच्याकडे मत होतं, कारण होतं, रोजचं उदाहरण होतं, आणि झेरॉक्सच्या नादात तिने ते बाहेर ठेवलं होतं.

रायटिंग चार निकषांवर तपासलं जातं : प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि सलगता, शब्दसंपत्ती, व्याकरण. चारही निकषांना सारखंच वजन. साच्याने पहिल्या निकषाचं सरळ नुकसान होतं, कारण त्या नऊ वाक्यांत प्रश्नाचं उत्तरच नसतं. शब्दसंपत्तीतही फायदा होत नाही. तीच वाक्यं परीक्षकाने शेकडो पेपरांत वाचलेली असतात. विषय मिळाल्यावर आधी पाच मिनिटं मराठीत विचार केलात तरी चालेल, पण विचार करा. दोन मुद्दे, प्रत्येकाचं कारण, प्रत्येकाचं एक उदाहरण, एवढं कोपऱ्यात टिपा आणि मग इंग्रजीत लिहायला घ्या.

अर्धा वाचलेला प्रश्न, चुकलेलं घड्याळ

"डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओपिनियन" असं विचारलेलं असतं. दोन्ही बाजू व्यवस्थित लिहिलेल्या असतात आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत कसंबसं चिकटवलेलं असतं, किंवा नसतंच. प्रश्नातल्या प्रत्येक मागणीखाली रेघ मारायची सवय लावा.

रायटिंगमध्ये दोन टास्क असतात : टास्क वन छोटा, टास्क टू म्हणजे मोठा निबंध. एकूण वेळ साठ मिनिटं. टास्क वनला किमान 150 शब्द, टास्क टूला किमान 250, आणि टास्क टूचं वजन दुप्पट. तरी टास्क वन आधी येतो म्हणून तिथेच तीस-पस्तीस मिनिटं जातात आणि मोठा निबंध अर्धवट राहतो. टास्क टू आधी लिहायला पूर्ण मुभा आहे. ज्यांचा वेळ पुरत नाही त्यांना मी हेच सांगते. चारशे शब्द लिहून कुणी खूश होत नाही. 270-280 शब्द लिहा आणि उरलेली चार मिनिटं तपासायला ठेवा.

टास्क वनमधलं 'ने' आणि 'पर्यंत'

आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत, ॲकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग. ॲकॅडमिक परीक्षेत टास्क वनला आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया येते. इथली सगळ्यात नेहमीची गडबड मराठीतूनच सुटते. समजा एखाद्या आलेखात 2010 साली 40 टक्के घरांत इंटरनेट आहे आणि 2020 साली 60 टक्के. मराठीत आपण 'विसाने वाढलं' आणि 'साठपर्यंत वाढलं' यांत कधीच गोंधळ करत नाही. इंग्रजीतही तेवढाच फरक आहे : 'ने' साठी 'बाय', 'पर्यंत' साठी 'टू'. पण घाईत मुलं 'इन्क्रीज्ड विथ ट्वेंटी' लिहितात, किंवा 'बाय सिक्स्टी' लिहून आकडाच खोटा करून टाकतात. आणखी एक बारकावा आहे. 40 टक्क्यांवरून 60 टक्के ही 'ट्वेंटी पर्सेंट' वाढ नाही, ती 'ट्वेंटी पर्सेंटेज पॉइंट्स' आहे. इंजिनिअर झालेली मुलंसुद्धा इथे अडखळतात.

दुसरी चूक म्हणजे ओव्हरव्ह्यू न लिहिणं. सगळे आकडे एकामागून एक लिहिलेले असतात, पण एकंदर चित्र काय, काय वाढलं, काय घटलं, सगळ्यात मोठं काय, हे दोन वाक्यांत कुठेच नसतं. तो परिच्छेद नसेल तर पहिल्या निकषात वर सरकणं फार अवघड जातं. आणि आकडे का वाढले याची कारणं मनाने घालू नका. आलेखात जे दिसतं तेवढंच लिहा.

जनरल ट्रेनिंगवाल्यांना पत्र असतं. दिलेल्या तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्या आणि सूर सांभाळा. 'डिअर सर ऑर मॅडम'ने सुरुवात केली तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आडनावाने केली तर 'युअर्स सिन्सिअरली'.

मराठीची सावली

मराठीत 'अ', 'ॲन', 'द' असं काही नाही, त्यामुळे ती गळतात. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून जास्त त्रास खालच्या वाक्यांचा होतो, कारण ती आपल्या कानाला बरोबर वाटतात.

'मी ठाण्यातच राहतो' यातला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन येतो : 'आय लिव्ह इन ठाणे ओन्ली'. 'पाच वर्षांपासून राहतोय'चं 'आय ॲम स्टेइंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' होतं, तिथे 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हवं. 'मला दोन भाऊ आहेत'चं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होतं. 'आज सकाळी'चं 'टुडे मॉर्निंग', 'त्याबद्दल चर्चा केली'चं 'डिस्कस्ड अबाउट इट'. या सगळ्यांच्या मागे तर्क आहे, तो फक्त मराठीचा आहे. म्हणून नियम पाठ करून त्या जात नाहीत. आपली मराठी सवय नेमकी कुठे आडवी येते ते ओळखावं लागतं.

यासाठी मी प्रत्येकाला एक दोनशे पानी वही करायला लावते. तपासलेल्या पाच निबंधांतल्या चुका त्यात उतरवायच्या, आणि एखादी चूक पुन्हा आली की तिच्यापुढे काडी मारायची. पंचवीस-तीस वेगळ्या चुका निघतील असं वाटतं. निघतात सहा-सात, आणि त्यांतल्या दोन-तीनच पुन्हा पुन्हा येतात. पेपर तपासायच्या शेवटच्या चार मिनिटांत फक्त त्या शोधायच्या. सगळंच तपासायला गेलात तर काहीच सापडत नाही.

स्पीकिंग : अकरा ते चौदा मिनिटं

स्पीकिंगमध्ये पाठांतर लगेच पकडलं जातं. आवाज सपाट होतो, डोळे छताकडे जातात, वेग वाढतो. 'व्हेअर डू यू लिव्ह?' एवढं विचारलं की ठाण्याची मुलं सुरू होतात : "आय रिसाइड इन ठाणे, विच इज नोन ॲज द सिटी ऑफ लेक्स." यात चूक एकही नाही, पण हे माणसाचं बोलणं नाही. 'स्टेशनपासून दहा मिनिटांवर, जुन्या इमारतीत, खाली भाजीवाले बसतात म्हणून सकाळी गोंगाट असतो' हे साध्या इंग्रजीत सांगितलंत तर पुढचा प्रश्नही सोपा जातो. पहिल्या भागात दोन-तीन वाक्यांचं उत्तर पुरे.

दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. त्या एका मिनिटात लोक पूर्ण वाक्यं लिहायला घेतात आणि दीड वाक्यावर वेळ संपते. फक्त पाच-सहा शब्द लिहा, आणि ते दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या गोष्टींचे असू देत.

वसंत विहारचा एक मुलगा 'पाण्याजवळची जागा' या कार्डावर तलावपाळीबद्दल, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठाबद्दल, बोलला. "इट इज व्हेरी ब्यूटिफुल प्लेस, मेनी पीपल कम देअर, आय फील पीसफुल." पस्तीस सेकंदांत संपलं. मी मराठीत विचारत गेले. कुणाबरोबर जायचास? आजोबांबरोबर. कुठे बसायचात? गडकरी रंगायतनच्या बाजूच्या कठड्यावर. काय खायचात? कणीस, आजोबांना दात नव्हते म्हणून ते फक्त लिंबू-तिखट लावून द्यायचे. मग? मग पायाने चालवायच्या बोटीत एकदा मधोमध अडकलो होतो, काठावरून आजोबा हाका मारत होते. मी म्हटलं, आता हे कागदावर टिप : आजोबा, कठडा, कणीस, बोट, हाका. पुन्हा बोलला तेव्हा दोन मिनिटांवर मला त्याला थांबवावं लागलं. भूतकाळाच्या क्रियापदांत दोन चुका झाल्या, पण तो अडखळला नाही. कोळशावर भाजलेलं कणीस इंग्रजीत कसं सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, तर त्याने 'कॉर्न रोस्टेड ओव्हर हॉट कोल्स' असं स्वतःच जुळवलं. अचूक शब्द आठवला नाही तर त्याचं वर्णन करून पुढे जाता येणं हेसुद्धा भाषेचं कौशल्य आहे, आणि परीक्षक त्याची दखल घेतात.

दोन मिनिटं झाली की परीक्षक तुम्हाला मध्येच थांबवतील. त्याने खचू नका, तो नियम आहे. त्यांचा चेहरा कोरा असतो, ते तुमच्या मताला दुजोरा देत नाहीत, त्याचाही बाऊ नको.

तिसऱ्या भागात आजोबांना घरी ठेवा. 'शहरांत मोकळ्या जागा का कमी होत आहेत?' असा प्रश्न असेल तर उत्तर समाजाबद्दल हवं. मत, कारण, पूर्वी आणि आता यांतला फरक. मत बरोबर की चूक याला गुण नाहीत. प्रश्न समजला नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा. अंदाजाने भलतंच उत्तर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

उच्चारांबद्दल भीती अनाठायी आहे. मराठी वळणाला कुणी गुण कापत नाही, कापले जातात ते समजलं नाही म्हणून. दोन गोष्टींवर मेहनत घ्या. आपल्याकडे 'व' एकच, इंग्रजीत दोन. पश्चिम या अर्थाच्या 'वेस्ट'ला ओठ गोल करायचे आणि दात लावायचे नाहीत. जाकिटाच्या 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. आणि आघात : मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत एकावर भार येतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर आणि 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर. 'डेव्हलपमेंट'मध्ये 'व्हे'वर. रोज पाच शब्द भार देऊन मोठ्याने म्हणा. भरभर बोलणं म्हणजे फ्लुएन्सी, हा गैरसमजही इथेच सोडून द्या.

सरावाला इंग्रजी बोलणारं माणूस घरात नाही, ही तक्रार मी रोज ऐकते. वर्तकनगरच्या एका मुलीची आई इंग्रजी बोलत नाही. ती भाकऱ्या थापता थापता फोनवर टायमर लावायची आणि मुलगी थांबली की म्हणायची, "अजून चाळीस सेकंद आहेत, बोल." मुलगी ते रेकॉर्ड करून रात्री ऐकायची आणि चुका वहीत उतरवायची.

लहान पण महागात पडणाऱ्या गोष्टी

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर शब्दसंख्या स्क्रीनवर दिसते, पण स्पेलिंग कुणी सुधारून देत नाही. म्हणून सराव करताना ऑटोकरेक्ट बंद ठेवा. ब्रिटिश किंवा अमेरिकन कुठलंही स्पेलिंग चालतं, फक्त एका पेपरात एकच ठेवा. नोंदणी ज्या पासपोर्टवर केली तोच मूळ पासपोर्ट सोबत हवा.

निकालावर शंका असेल तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. कॉम्प्युटरवर दिलेल्या परीक्षेत एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे, मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत. तुमच्या कॉलेजला किंवा संस्थेला तसा निकाल चालतो का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. आणि निकाल लागला त्याच रात्री रागाच्या भरात पुढची तारीख घेऊ नका. आधी वेळ लावून नवे सहा निबंध लिहा, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, वही उघडा. सगळ्यात जास्त काड्या असलेल्या तीन चुकांपैकी दोन तरी सहाव्या निबंधात दिसत नसतील, तर तारीख घ्या.