कोंब आलेला कांदा फेकू नका, कुंडीत लावा

मधमाश्यांसाठी फुलझाड घ्यायला नर्सरीत गेलं की नजर भरगच्च फुलांवर जाते: गोंड्याचा झेंडू, दुहेरी जास्वंद, गुलाब. मधमाशीला त्यांचा फारसा उपयोग नाही. अशा जास्वंद-गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, झेंडूत मधली बारीक फुलंच पाकळ्यांसारखी झालेली असतात आणि थोडाफार मकरंद असला तरी त्या गर्दीतून तिला तो मिळत नाही. फुलझाड विकत घ्यायचंच असेल तर एकेरी, म्हणजे पाकळ्यांची एकच रांग असलेलं घ्या. साधा कॉसमॉस, सूर्यफूल. पण आधी घरातली कांद्याची टोपली बघा.

माझं माहेर निफाडकडचं. तिकडे कांद्याचं बी धरणाऱ्यांना मधमाशीची किंमत ठाऊक असते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. पराग इकडून तिकडे नेणारं कुणी नसेल तर बी नीट भरत नाही.

गच्चीवरही हे सहज जमतं. दिवाळीनंतर कोंब आलेले चार-पाच कांदे एकाच मोठ्या कुंडीत, मान मातीवर राहील असे लावा. ऊन भरपूर, पाणी बेताचं. नाशिकची थंडी मिळाली की पोकळ दांडे वर येतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास डेंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गोंडे, उमलतात. एखादा गोंडा जवळून बघाच. शेकडो बारीक पांढरी फुलं, प्रत्येकात सहा पुंकेसर आणि बुडाशी चमकणारा मकरंद. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, आली की उडत नाही, गोंड्यावरून चालतच एकेक फूल पुसून घेते. मला तर तिथून उठवत नाही.

कोथिंबीर, मोहरी, बडीशेप यांचंही तेच. सगळी खुडू नका, थोडी फुलावर जाऊ द्या. तुळशीच्या मंजिऱ्या आपण पानांसाठी खुडतो. दोन तुळशी असतील तर एकीच्या राहू द्या. जोडीला सब्जा लावा. एकेका जातीची रोपं विखरून न लावता घोळक्याने लावा, कारण माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते.

खरी अडचण मे महिन्यात. कुंड्या सुकतात, फुलं कमी होतात. तुळस आणि सब्जा या दिवसांत तगवायचेच, दुपारी सावली करून का होईना. शेजारी उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा. खडे पाण्याच्या वर डोकावले पाहिजेत, नाहीतर माश्या बुडतात.

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरे. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध फुलझाडाला अजिबात नको, ते झाडाच्या रसातून मकरंदात आणि परागात उतरतं.

एखाद दिवशी कढीपत्त्याच्या फांदीवर फुलोरी ही छोटी मधमाशी तळहाताएवढं पोळं बांधेल. घाबरू नका, धूर करू नका, त्या फांदीला हात न लावता बाकीच्या झाडांना पाणी घालत राहा. आग्या मोहोळ असेल तर मात्र लांब राहायचं आणि ते काम जाणकारावरच सोपवायचं.