परदेशी राहून पुण्यातल्या सदनिकेसाठी व्यवस्थापक नेमताना
आपण परदेशी राहत असाल आणि पुण्यातली सदनिका भाड्याने द्यायची असेल, तर व्यवस्थापकाचे शुल्क विचारण्याआधी त्याची कायद्याची जाण तपासावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. म्हणून ‘नोटरी केली की पुरे’ असे सांगणाऱ्याला तिथेच नकार द्यावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कोण कळवणार, हेही विचारावे.

त्याच्या सध्याच्या दोन-तीन घरमालकांशी स्वतः बोलावे. दुरुस्तीच्या पावत्या न मागता मिळतात का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पैशांचे गैरसमज बहुधा तिथूनच सुरू होतात.

व्यवस्थापकाला दिलेले कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) भाडेकरार, नोंदणी आणि देखभाल यांपुरतेच मर्यादित ठेवावे, विक्रीचा अधिकार त्यात चुकूनही देऊ नये. भाडे व अनामत रक्कम थेट आपल्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्न जमा करण्याचे बँक खाते) जमा व्हावी, आणि किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करता येईल, तसेच किती दिवसांच्या सूचनेने नेमणूक संपवता येईल, हे लेखी करारात स्पष्ट नोंदवावे.