हॉगचोकर: मचूळ पाण्यातल्या चपट्या माशाची टाकी कशी लावावी

हॉगचोकर हा चपटा मासा शोभेच्या माशांच्या बाजारात सर्रास गोड्या पाण्यातला म्हणून विकला जातो आणि या अर्धवट माहितीपायी तो पुष्कळ टाक्यांत तग धरत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात हे मासे उन्हाळ्यात खाडीच्या खारट भागात अंडी घालतात, पिल्ले प्रवाहाच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याकडे जातात आणि वाढत्या वयाबरोबर हळूहळू समुद्राकडे सरकतात. त्यामुळे लहान पिल्लू गोड्या पाण्यात ठीक राहिले, तरी मोठ्या माशाला मचूळ पाणीच द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

खरेदीपूर्वी जात नीट ओळखावी, कारण याच नावाखाली दक्षिण अमेरिकेतल्या आणि आशियातल्या, आयुष्यभर नदीत राहणाऱ्या जातीही विकल्या जातात. हॉगचोकरच्या तपकिरी पाठीवर बारीक गडद आडवे पट्टे असतात आणि दोन्ही डोळे उजव्या बाजूला असतात; आपल्या कोकणातल्या लेप या चपट्या माशाचे ते डावीकडे असतात.

टाकीची उंची कमी असली तरी चालेल, तळ मात्र ऐसपैस हवा. पूर्ण वाढलेला मासा 15 सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणून 90 बाय 45 सेंटिमीटरचा तळ योग्य ठरतो. त्यावर तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बारीक, गुळगुळीत वाळूचा थर द्यावा, कारण मासा कडेचे पर हलवत त्यात असा शिरतो की केवळ डोळे वर राहतात. खडबडीत खडीने त्याची खालची नाजूक बाजू सोलवटते. तो काचेलाही चिकटून बसतो, तेव्हा हीटरवर जाळीचे आवरण अवश्य बसवावे.

पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ न वापरता सागरी टाक्यांसाठी मिळणारे मीठ घ्यावे. क्लोरीन काढलेल्या पाण्यात ते वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून मगच टाकीत ओतावे. हायड्रोमीटरवर (पाण्याची सापेक्ष घनता, म्हणजे पर्यायाने खारटपणा, मोजणाऱ्या उपकरणावर) 1.005 ही पातळी पुरेशी असून त्यासाठी लिटरमागे साधारण 7 ते 8 ग्रॅम मीठ लागते; मात्र फिल्टरमधल्या, पाण्यातली घाण संपवणाऱ्या जिवाणूंना सवय व्हावी म्हणून दर आठवड्याला 0.001 एवढीच वाढ करावी. बाष्पीभवनाने पाणी उतरले की भर साध्या पाण्याचीच घालावी, कारण मीठ टाकीतच उरते.

खाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. हा मासा दिवसा वाळूत पडून राहतो आणि तरंगते दाणे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दिवे मालवल्यानंतर गोठवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या बारीक लाल अळ्या) किंवा गांडुळाचे बारीक तुकडे त्याच्या तोंडाजवळ तळाशी सोडावेत. डोक्यामागचा भाग खोलगट दिसू लागला, तर तो उपाशी आहे असे समजून खाणे वाढवावे. चपळ, हावरे सोबती टाळावेत. मोली मासे चालतात, पण पर कुरतडणारे पफर मासे नकोत.

मासा हलवताना त्याचे खरखरीत खवले जाळ्यात अडकतात, म्हणून त्याला रुंद तोंडाच्या भांड्यात पाण्यासकट उचलावे.