विड्या वळताना तपासणी चुकू देऊ नका

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत मी आशा सेविका म्हणून फिरते. परवा एक पाचव्या महिन्यातली पोरगी मांडीवर सूप घेऊन बसलेली. "अक्का, दवाखान्यात गेले तर आजच्या हजार विड्या कोण वळणार?" बहुतेक घरांत हेच अडतं.

म्हणून पाळी चुकली की लगेच आशाला सांगा. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते; आदल्या रात्रीच पानं कापून ठेवा, माल द्यायला जाऊबाईला पाठवा. निदान चार तपासण्या हव्यातच.

पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, यात माझ्या एका बाईचे पैसे कितीतरी दिवस अडकले. त्यामुळे नाव आधीच जुळवून घ्या.

लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नका. रक्त गेलं, डोकं फार दुखलं, तोंड सुजलं, तर सकाळची वाट बघू नका. १०२ ला फोन करा, गाडी फुकट येते.